पेरभर

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
सव्वीस वर्षं पुठ्ठ्यांना खळ लावते मी.
खळीत मोरचूद घालायचं, कसर लागू नये म्हणून.
पुस्तकांना नाही लागली.
माझ्या हातांना लागली.

आधी बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या,
मग भेगा, मग लस.
रात्री इतकं खाजवायची
की पलीकडच्या खोलीतला दिवा लागायचा.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली.
हात पाहिला नाही,
सुटे आहेत का, एवढंच विचारलं.
चार दिवसांत कातडी कोऱ्या आर्टपेपरसारखी!

मग ती ट्यूब घरभर फिरली.
दिरानं जांघेतल्या गजकर्णाला लावली,
भाचीनं, मृण्मयीनं, चेहऱ्याला,
स्थळं यायची होती ना, पावडरच्या आधी, चार महिने.
ती उजळली. मग लाल झाली.
न लावावी तर आग, लावावी तर थंड,
आणि बारीक लव हनुवटीवर.
दिराचं रुपयाएवढं होतं ते पोळीएवढं झालं,
खाज मात्र कमी, म्हणून तो खूश.
माझ्या हाताच्या पाठीवर शिरा दिसायला लागल्या
मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटावीत तशा.

सरकारी दवाखान्यात एकशे बारावा नंबर.
डॉक्टर तांबोळींनी ट्यूब उलटीसुलटी पाहिली.
मीच म्हणाले, स्टेरॉइड ना हे?
जन्मात हात लावणार नाही आता.
"औषधाला कशाला शिक्षा?" त्या म्हणाल्या.
"धंदा काय तुमचा?"
सांगितला.
"मग तुम्हाला कागद कळतो.
तळहात म्हणजे पुठ्ठा, पापणी म्हणजे बटरपेपर.
दोन्हींना एकच खळ चालेल?"

माझी तर्जनी धरून
टोकापासून पहिल्या पेरापर्यंत
त्यांनी मलमाची एक रेघ ओढली.
"एका हाताला, दोन्ही बाजूंनी, एवढं पुरतं.
दिवसातून एकदा, जिथं लाल आहे तिथंच.
दोन आठवड्यांनी दाखवायला या,
बरं वाटलं तरी या.
व्हॅसलीन मात्र रोज, हवं तितकं,
आणि दोन्हींत अर्धा तास जाऊ दे.
खळीला हातमोजे, आतून सुती.
दिराला बुरशी आहे, हे मलम तिला खतपाणी घालतंय.
त्यांचं बंद, त्यांचं औषध वेगळं.
भाचीला घेऊन या. तिनं मनानं लावू नये,
मनानं सोडूही नये. उतरवू हळूहळू."

येताना पायीच आले, लक्ष्मी रोडनं.
चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, वीत,
आयुष्यभर हातानंच मापत आले सगळं,
मीठ, पीठ, पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे,
पण हातालाच मापून द्यावं लागतं काही
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मृण्मयी स्कूटरवर स्कार्फ बांधते.
पुण्यात सगळ्याच बांधतात,
त्यामुळे तिचा कशासाठी ते कुणी विचारत नाही.
दीर अजून म्हणतो, जुनीच बरी होती.

रात्री नऊला व्हॅसलीन लावून मी बसते.
भिंतीवरचा काटा साडेनऊकडे निघतो.
या अर्ध्या तासात कशाला शिवायचं नाही,
भांड्याला नाही, फोनला नाही,
मुलाच्या शर्टाचं बटण उद्या.
दोन्ही हात मांडीवर उताणे, चकचकीत.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच
ते माझ्यासमोर नुसते पडलेले असतात.

समोर मृण्मयी येऊन बसते, स्कार्फ सोडून.
आज कमी लाल दिसते,
की ट्यूबलाइटच तशी, कोण जाणे.
"किती राहिलं गं मावशी?"
मी काट्याकडे बघते.
अकरा मिनिटं.