कड

सोहारला जुलैत दार उघडलं की चष्म्यावर धुकं धरतं.
ते पुसते, आत जाते,
आणि दिवसभर कडा बघते.

बुधवारी आला तो फॉर्मलिनच्या डबीत,
सिग्मॉइडमधला, करवंदाएवढा, देठासकट.
देठ असला की बरं.
कापणाऱ्याला जागा मिळते, मोजणाऱ्यालाही.
रोवेनानं टोकाला काळी शाई लावली,
उभा चिरला, मेणात बसवला.

बोंडात कॅन्सर होता. तो असणार हे ठाऊक होतं.
देठातही उतरलाय, हे भिंगाखाली दिसलं.
जाळून कापलेल्या कडेपासून
शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर.

एक पुस्तक म्हणतं, एक तरी हवा.
दुसरं म्हणतं, कडेला टेकला नाही ना, मग पुरे.
हा देठ दोघांनीही पाहिलेला नाही.

शिवाय एक पोकळी, तीत चार पेशी दाटीवाटीनं.
ती लसिकावाहिनी,
की मेणात आक्रसून पडलेली नुसती फट?
ते सांगणारा रंग संपला होता.
मस्कतहून रविवारी येणार होता.

बैठकीत मामरी म्हणाले, आतड्याचा तुकडा काढू.
नसरा म्हणाली, मी पुरता काढलाय,
जखम माझ्या डोळ्यांनी पाहिलीय,
तीन महिन्यांनी पुन्हा बघू.
मग दोघंही माझ्याकडे वळले.
कुणाची तरी कड घ्यावी, अशी त्यांची नजर.
मला कड घेता येत नाही. मोजता येते.

शनिवारी शमशुद्दीन परकार लॅबच्या दाराशी उभा.
टगवर इंजिनात असतो. हर्णेचा.
“पाटीवर सप्रे वाचलं, म्हणून आलो बाय.
बोटीचं मला कळतं.
पत्रा गंजला की हातोडीनं ठोकतो मी,
आवाजावरनं समजतं
रंग मारून हाकायची की पत्राच बदलायचा.
तुम्ही ठोकून बघितलंत?”
बघितलं, म्हटलं.
“आवाज काय आला?”

मी त्याला भिंगातून दाखवलं.
एक डोळा मिटून तो बराच वेळ बघत राहिला.
“रंग छान आहे,” म्हणाला.
मग म्हणाला, करार नोव्हेंबरपर्यंत आहे.
ऑपरेशन म्हणजे दोन महिने जमिनीवर.
जमिनीवर म्हणजे माझ्या बंकवर दुसरा माणूस.

रविवारी रंग आला. पोकळीला अस्तर नव्हतं.
फटच होती.
एवढं सुटल्यासारखं वाटलं, तोच
अजून खोल घेतलेल्या कापात आकडा बदलला.
शून्य पूर्णांक सात.
खोल गेलं की हे होतं.
अहवालात सर्वांत लहान आकडा लिहायचा असतो.
मी सात लिहिलं, आणि खाली एक ओळ,
तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेली:
गाठींत पसरला नसावा; खात्री देता येत नाही.

तो मामरींना म्हणाला, बदला पत्रा.

ऑगस्टात आतड्याचा तो तुकडा माझ्याच टेबलावर आला,
सतरा सेंटिमीटर.
चरबी बोटांनी चिवडत गाठी शोधल्या,
मुगाएवढ्या, काही मोहरीएवढ्या.
चौदा.
एकेक करून चौदाही पाहिल्या.
चौदाही रिकाम्या.
आणि देठ कापला होता त्या जागी फक्त एक पांढुरका वण.

मामरी म्हणाले, उत्तम.
नसरा काही म्हणाली नाही.

परकारचा फोन सप्टेंबरात, हर्णेहून.
मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी मासळीचा भाव करत होतं.
“टगवर कुणी केरळचा पोरगा घेतलाय म्हणे. चांगला आहे.
बाय, एक विचारू?
चौदा रिकाम्या, म्हणजे पत्रा उगाच बदलला काय?”

मी म्हटलं, बदलल्यावरच कळतं.
“हां,” तो म्हणाला. “बोटीचंही तसंच.”
आणि फोन तसाच धरून ठेवला थोडा वेळ,
मीही.

रात्री एसी घरघरतो.
शून्य पूर्णांक सात, मी मनाशी म्हणते,
आणि कड बदलते.