मिलुंका, जर्सी धुणारी

वहीत काय लिहिणार तू, सेक्रेटरीच्या नातवा?
तारखा कपाटात होत्या,
कपाट पुरात गेलं.
बस, ती बादली उलटी कर आणि बस.
तोपोलनिकचा 'स्लोगा' काय होता
ते माझ्या बोटांच्या भेगांना विचार.

स्लोगा म्हणजे एकोपा.
नाव निघालं मात्र भांडणातून.
राडोयेच्या खानावळीत, अठ्ठावीस साली,
गिरणीवाले या टेबलाशी, वीटभट्टीवाले त्या,
मध्ये आलुबुखाराच्या दारूची सुरई.
ती फुटली तेव्हा खोगीर शिवणारा झिवादिन म्हणाला,
चेंडू मी शिवतो. पण एकच शिवीन.
आता एका चेंडूला दोन क्लब कसे पुरणार?

मी तेव्हा नव्हते. आईनं सांगितलं.
पहिले शर्ट तिनंच रंगवले, अक्रोडाच्या सालीत,
मातकट तपकिरी.
पावसात मैदान कुठे संपतं
आणि माणूस कुठे सुरू होतो
कळायचं नाही म्हणे.

मग जर्मन आले,
गोलच्या खांबांना घोडे बांधले.
त्या चार वर्षांपुढे लिही: सामना नाही.
झिवादिनच्या धाकट्याचं मला विचारू नकोस.
त्याचा शर्ट आईनं धुतला, घडी घातली.
ती घडी कुणी मोडली नाही.

चौदाव्या वर्षी मी हौदाशी आले.
साबण गिरणीचा, फुकट.
छातीवर लाल चांदणी, अकरा शर्टांना अकरा,
सगळ्या माझ्या टाक्यातल्या.
एकसष्ट साली बेलग्रेडचा मोठा संघ आला कपासाठी.
सात गोल खाल्ले आम्ही, एक केला.
ते सात गावानं आजतागायत मोजले नाहीत.
एक केला कल्हईवाल्या वुकोयेनं,
तोही गुडघ्यानं, तोही चुकून,
बायको आलीय का बघायला वळला होता तेव्हा.
चड्डीवरचा तो चिखल
तीन आठवडे धुऊ दिला नाही त्यानं.
बायको आलीच नव्हती.

ब्याण्णव साली चिठ्ठी आली, चांदण्या काढा.
ब्लेडनं उसवल्या.
खालचं कापड गडद निघालं, ऊन न लागलेलं.
वर्षभर पोरं
नसलेली चांदणी छातीवर घेऊन पळत होती.

पुढच्या साली पैशाला ताप चढला.
सामना सुरू होताना तिकीट पाच कोटी दिनार,
मध्यंतराला नऊ.
शेवटी दारावर अंडी घ्यायला लागले.
रेफरीला तीस अंडी दिली एकदा,
आणि आम्हाला पेनल्टी मिळाली.
असो. मेलाय तो आता.

गिरणीचा भोंगा कधी थांबला ते आठवत नाही.
साबण विकत आणायला लागला, ते आठवतं.
छातीवर आता ग्वोझ्देन खाटकाचं नाव,
खाली डुकराचं हसरं तोंड.
पोरं लिंझला जातात, श्टुटगार्टला जातात,
फरश्या बसवतात, ट्रक हाकतात.
गेल्या रविवारी दहाच जमले.
बसच्या ड्रायव्हरला उतरवला मैदानात,
अकरा नंबर त्याच्या पोटावर उसवला.
बघ, इथे. संध्याकाळी शिवीन.

मे महिना वाईट.
पॉपलरचा कापूस उडतो, ओल्या शर्टांना चिकटतो,
दोरीवर म्हाताऱ्यांचा संघ वाळत घातल्यासारखा दिसतो.

आणि हा नऊ नंबर.
तिहोमिर ग्राझला गेला तो शर्ट अंगात घालूनच.
दोन वर्षांनी परवा पोस्टानं आला,
इस्त्री केलेला, कागदात गुंडाळलेला.
परक्या साबणाचा वास होता त्याला, गोडसर.
घाण नव्हता.
तरी मी पुन्हा धुतला.

हे नको लिहूस.
पेन खाली ठेव,
या बाहीचं टोक धर.
तू तिकडे पीळ, मी इकडे.