मागचं स्टेअरिंग

मला बघायचं असेल तर गाडी पूर्ण जाऊ दे.
लोक पुढचं इंजिन बघतात, पोरं हात हलवतात,
आणि आत जातात.
मी त्यानंतर येतो, बऱ्याच वेळानं,
चौसष्ट चाकांच्या शेवटी, पत्र्याच्या एका शिटावर,
पाठीला लाल दिवा.

माल उद्यमबागचा. फौंड्रीत ओतलेलं धूड,
कुठल्याशा जहाजाच्या यंत्राचं बूड म्हणे.
पुढं दुंडाप्पाण्णा, यमकनमर्डीचा,
एका हातानं पान लावत नव्वद टन ओढणारा.
मागं मी, मोनाप्पा, बैलूरचा.
मध्ये साठ पावलं काळोख.

त्याचं मराठी मोडकं, माझं कानडी त्याहून.
वॉकीवर दोघांत मिळून एकच शब्द चालतोय,
सावकाश.
तो त्याच्याही घरातला, माझ्याही.
कोण कुणाच्यातून उसना घेऊन गेला
ते विचारत बसायला घाटात वेळ नसतो.

लोकांना वाटतंय, पुढचा वळला की मागचा वळला.
नसतंय तसं.
अण्णा वळण संपवून दरीतले दिवे बघत असतो
तेव्हा माझ्या तोंडासमोर अजून कातळ असतो,
ओला, शेवाळलेला, हात लावता येईल एवढ्यावर.
त्याला उतार लागलेला, मला चढ सरलेला नाही.
गाडी एकच, आणि एकाच घटकेला
दोन रस्त्यांवर.
त्यातनं मला उलटं फिरवायचं असतंय.
त्यानं डावीकडं ओढलं की मी उजवीकडं,
नाहीतर शेपूट कठड्यावर.
बायको म्हणते, घरात पण तू तसंच करतोस.

त्या रात्री कणकुंबीच्या पुढच्या वळणावर अडकलो.
जागा वीतभर कमी पडली. वीतभरच.
आडवा आलेला मैलाचा दगड,
चुना फासलेला, गुडघ्याएवढा.
मागं भाजीच्या टेम्पोंची रांग,
उजाडायच्या आत म्हापशाला पोचायचे सगळे.
एक ओरडला, कोथिंबीर मऊ पडली तर तू विकत घेतोस काय रे?
सावकाश, अण्णा म्हणाला.
खाली उतरला, दगडाला हात लावून हात छातीला लावला,
आणि पहार मागितली.

दगड वर दिसतो त्याच्या दुप्पट खाली असतो.
पाऊण तास गेला. शेवटची पहार
त्या कोथिंबीरवाल्यानंच मारली,
शर्ट काढून, शिव्या देत.
दगड गटारीकडं आडवा निजवला,
आणि त्याच्या खड्ड्यावर फळ्या टाकून
माझी मागची चाकं नेली. एकेक.
मी श्वास सोडलो तो वॉकीत ऐकू गेला असणार,
पुढून अण्णा हसला.
मग बॅटरीच्या उजेडात पुन्हा पुरला दगड,
पायानं माती दाबली,
आणि कोथिंबिरीची एक जुडी
माझ्या शिटावर कुणीतरी ठेवून गेलं.

चार दिवसांनी रिकामी गाडी घेऊन वर आलो.
दगड उभा होता, पण तोंड फिरवून.
पणजी किती लांब
ते पणजीहून येणाऱ्या आम्हालाच सांगत.
मी म्हटलो, अण्णा, थांब, सरळ करू या.
वॉकीत नुसती खरखर.
वळण अर्धं झालं तरी तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, असू दे की, मोन्या.
रस्ता एकच आहे. चुकून कुठं जाईल कोण?

त्याची गाडी गेली. शेवटी मी गेलो.
मान वळवून बघितलो तर
खानापूर, खाली आकडा, आकडा बरोबर,
चुन्यावर माझ्या बुटाचा चिखल तसाच,
माझ्याकडं तोंड करून.