पहिल्या सॉकेटसाठी

टांपेरेत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
आउनेने ॲम्प पालथा घातला टेबलावर,
मागची जाळी काढली
आणि पेन्सिलच्या खोडरबराने
एकेका नळीला टिचकी मारली,
कलिंगड पारखतात तशी.
दुसरी मुकी. तिसरी मुकी.
पहिली मात्र किणकिणली,
बराच वेळ.

"हिलाच काढ," मी म्हटलं,
"आणि तापटातली तापट दे.
शनिवारी वाजवायचंय."

आउने हसली नाही.
"पहिल्या जागी तापट बसवू नये.
ती जे ऐकते, त्याचाच पुढच्या चौघी
राईचा पर्वत करतात."

तिने खोकी उघडली.
एक नवी, चकचकीत: नुसती फुसफुसली.
एक रशियन, बरी होती,
पण खालून ट्राम गेली तीही तिने सांगितली.
एक महागडी, जिचं नाव सगळे हळू आवाजात घेतात:
मला फरक कळला नाही.
कळल्यासारखी मान हलवली.

चौथीवरची अक्षरं पुसलेली.
कुठल्याशा बंद रेडिओतली,
आयुष्यभर हवामान ऐकलेली.

तारेला हात लावण्याआधी
शांतता आली,
काळी, घट्ट, तळवा टेकावा अशी.
मग तिच्यातूनच
स्वर फाटत गेला,
जिथे फाटायला हवा तिथूनच.

आउनेने डाव्या कानातलं यंत्र काढलं,
फडक्याला पुसलं.
"बारा युरो."

जाळीचा एक स्क्रू सापडेना.
तिघांवर भागवलं.