कुणाचा रं तू?

राजारामपुरीत, तळमजल्यावर,
आमच्या लॅबमध्ये एक प्रेशर कुकर आहे.
त्यात भात शिजत नाही.
काचपट्ट्या शिजतात,
मेणात थिजवून केसाहून पातळ कापलेली माणसं.
शिट्टी झाली की निवास घड्याळाकडे बघतो
आणि मला भूक लागते. रोज.

आज गळ्यातली गाठ आलीय.
हातकणंगल्याकडचा माणूस, वय एकसष्ट.
गाठ तिथली नाही एवढं कळतं,
कुठून आली ते नाही.
निळ्या रंगात सगळ्या पेशी एकसारख्या,
जत्रेत चुकलेल्या पोरांगत तोंड गच्च मिटून.

मग मी थेंब सोडते, केराटिनचा माग काढणारा.
पेशीच्या अंगभर विणलेला दोर असतो तो,
शेजारणीला गाठ मारून धरलेला,
कातडीत, आतड्यात, श्वासाच्या नळीत.
बिघडलेली पेशी घर सोडते, शेजार सोडते,
रीतभात सोडते.
दोर सहसा सोडत नाही.
पारावरची म्हातारी अनोळखी पोराला अडवते तसा
थेंब विचारतो,
कुणाचा रं तू?

आप्पा चपला करायचे, कातडंही घरीच कमवायचे.
चुन्याच्या हौदातून म्हशीचं कातडं निघालं
की केस आणि वरची साय खरवडून टाकायची.
कॉलेजात नवं नवं शिकले तेव्हा मी म्हटलं,
"आप्पा, तुम्ही केराटिन फेकताय."
"फेकतोय कुठं? ह्ये बघ की."
आणि टाच पुढं केली.
पिवळट, भेगाळलेली, खापरासारखी.
जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची मापं घेतली
अनवाणी बसून.

तपकिरी रंग चढतोय.
आधी कडेनं, मग सगळीकडं,
कढईत काकवी धरावी तसा.
सात नंबर : हो.
वीस नंबर : नाही.
नेर्लेकर मॅडम भिंगातून मान न काढता म्हणतात,
"फुफ्फुस बघायला सांगू. अजून एक-दोन रंग लाव."
हातकणंगल्याला अजून काहीच माहीत नाही.

शेजारच्या पट्टीवर साधी कातडी असते,
रंग खरा लागला का ते ताडायला.
ती दरवेळी तपकिरी होते, न चुकता.
कुणाच्या टाचेची, कुठल्या सालची,
रजिस्टरात नाव नाही.
तिला कुणी विचारतही नाही.

निवास कुकर घासतोय.
रबर बदलायला झालंय, म्हणतो.