चक्रनारायण, यंदाही तुम्हीच

नोव्हेंबर सरायच्या आत सेक्रेटरी दारात.
हातात पिशवी, पिशवीत तोच लाल झगा,
गेल्या डिसेंबरच्या घामाचा वास अजून त्याला.
"चक्रनारायण, यंदाही तुम्हीच हं.
तुमचाच सण आहे ना."

माझाच.
ऐरोली, सेक्टर आठ, सी विंग,
चौसष्ट फ्लॅटांत आमचं एकच घर,
म्हणून सांताक्लॉज मी.
वजन त्रेपन्न किलो.
पोटाला उशी बांधतात: उशी टिपणिसांची, अभ्रा मोऱ्यांचा.

लोक विचारतात,
आडनावात चक्र आहे, नारायण आहे,
मग तुम्ही ख्रिश्चन कसे?
मी हसतो. दाढीत दिसत नाही, बरं आहे.

शेवगावला आमच्याकडे सांता नव्हता.
बाप मिशनच्या शाळेत मास्तर.
कामट्या वाकवून पतंगी कागदाची चांदणी करायचा,
लिंबावर टांगायचा, आत कंदील.
पेटी, तबला, झांजा घेऊन रात्रभर दारोदार भजनं,
शेवटच्या घरी गुळाचा चहा,
आणि थंडी खरीखुरी, ओठ फुटायचे गाताना.
इथे मॉलच्या दारात कापसाचा बर्फ,
बाहेर एकतीस अंश, खाडीवरून डास.

एस्तेर करंज्या तळते.
शेजारीण दरवर्षी तेवढीच चकित:
"अय्या, तुमच्यातही करंजी असते?
केक नाही का?"
मग बेकरीतून केक येतो, अडीच किलो.
तो आम्हाला दोघांनाही आवडत नाही.

केजियाचा फोन: "बाबा, यंदा सासरी."
गेल्या वर्षीही यंदाच होतं.

चोवीसला साडेसात म्हणाले होते.
आधी झुंबा, मग तंबोला,
मग लिफ्टवाल्या कंपनीच्या साहेबांचा सत्कार.
मी मीटरच्या खोलीत, स्टुलावर, उशीसकट.
वाशीच्या चर्चमध्ये उपासना सुरू झाली असेल.
एस्तेर एकटीच रिक्षाने गेली.
"तुम्ही या मागून," म्हणाली,
येणार नाहीत हे ठाऊक असलेल्या आवाजात.

दहाला पुकारलं.
चॉकलेटं बासष्ट, पोरं त्रेसष्ट.
उरलेली मुलगी रडली नाही,
माझ्या पायांकडे बघत राहिली.
"या चपला चक्रनारायण काकांच्या आहेत."
हो हो हो, म्हटलं.
"काका, तुमच्या घरी कोण येतं मग?"
डीजेने आवाज वाढवला.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
दाढीची दोरी कानावरूनच जाते तशीही.

घराला कुलूप.
किल्ली पँटच्या खिशात, पँट उशीच्या खाली,
उशी झग्याच्या आत.
जिन्यात झगा वर धरून खिसा चाचपणारा सांता
वॉचमनने पाहिला, आणि सभ्यपणे पाठ फिरवली.

टेबलावर झाकलेल्या सहा करंज्या
आणि वेगळ्या वाटीत एक फुटलेली.
मला फुटलेलीच आवडते, सारण करपलेलं असतं.
बाल्कनीत प्लास्टिकची चांदणी लुकलुकत होती,
ती लुकलुक थांबवायचं बटण तिला नाही.
वायरच उपटली. अंधारात खाल्ली.
फोन वाजत होता सोसायटीचा:
सांता झकास! पुढच्या वर्षी पोट थोडं मोठं हवं.

गेटशी रिक्षा थांबली.
चांदणी पुन्हा लावली, हात तुपकट तसाच.
दारात ती, पदरावर मेणबत्तीचं मेण,
समोर मी, लाल, उशी सोडायची राहून गेलेली.
काय म्हणावं सुचेना.
"जेवलीस?" म्हटलं.