जमाखर्च

वर्ष संपलं, आणि खजिनदार मी,
म्हणून बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला:
एकशे बारा पौंड, वर थोडी चिल्लर,
कोटाचं एक बटण,
आणि एक परदेशी नाणं, इतकं झिजलेलं
की देशच ओळखू येईना.

जमा:
मार्चच्या बाजारात चारशे सह्या.
त्यातल्या एकोणीस एकाच हस्ताक्षरातल्या.
मोर्वेना म्हणाली, माझ्या बहिणी आहेत त्या.
तिला एकही बहीण नाही.
आम्ही एकोणीसच्या एकोणीस खोडल्या.
पुढचे दोन आठवडे तिनं आमचा चहा केला नाही.

दर रविवारी सकाळी सातला, पुलाखाली.
बाटली तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची,
थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं.
त्या पाच मिनिटांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो
तेवढं शेजारी राहून तीस वर्षांत बोललो नव्हतो.
मग नळीतलं पाणी हळूहळू निळं होत जातं.
निळी नदी म्हटलं की लोक चित्रं काढतात.
आमच्याकडे जितकं निळं, तितकं वाईट.
कोंबडीखताचा रंग निळा असतो
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

खर्च:
हाउएल.
त्याच्या चुलतभावाच्या, गेथिनच्या, शेडांत
ऐंशी हजार कोंबड्या.
एप्रिलपासून दोघे चॅपलमध्ये दोन टोकांना बसतात,
आणि गेथिनची आई मधल्या बाकावर,
भजनाचं पुस्तक उघडं, ओठ मिटलेले.
हे कोणत्या रकान्यात लिहू?
पावती कुणाकडे मागू?

जूनमध्ये कौन्सिलपुढे सुनावणी, तीन नव्या शेडांची.
प्रत्येकाला तीन मिनिटं.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या एमरिसनं भाषण केलंच नाही,
लहानपणी या नदीत पाहिलेल्या माशांची
नुसती नावं घेतली, वेल्शमध्ये, सावकाश,
हजेरी घ्यावी तशी.
सहाव्या नावाला दुभाषी अडली.
म्हणाली, माफ करा, याला इंग्रजीत काय म्हणतात
मला माहीत नाही.
तेवढ्यात घंटी वाजली.
निर्णय पुढे ढकलला.
सप्टेंबरात पुन्हा ढकलला.
ऑक्टोबरात एमरिस गेला.
त्याचे गमबूट आता नेरिस वापरते,
दोन जोड मोजे घालून.

नोव्हेंबरातली एक रात्र (हिची नोंद इतिवृत्तात नाही).
दारात गेथिन, हातात टॉर्च.
शेडांमागच्या ओहोळाचं पाणी तुम्ही कधी घेतलं नाहीत, म्हणाला.
तू घेऊ दिलं नाहीस.
मग आता घ्या.
हाउएलला फोन केला. तो पायजम्यावरच आला.
चिखल, काटेरी तार, कोंबड्यांची झोपेतली कुरकुर,
आणि पाच मिनिटं, ज्यात कुणीच काही बोललं नाही.
नळी शाईसारखी झाली.
गेथिननं ती टॉर्चपुढे धरली, खाली केली, पुन्हा धरली.
इथंच तू मला ढकललं होतंस, हाउएलला म्हणाला,
दात पडला होता माझा.
हाउएल म्हणाला, दुधाचा होता.

डिसेंबरात निकाल:
तीन मागितल्या होत्या, दोन मंजूर.
पबमध्ये अर्धे म्हणाले जिंकलो, अर्धे म्हणाले हरलो,
बिल मात्र सगळ्यांनी मिळून भरलं.
दोनपैकी एक शेड अजून कुणी बांधायला घेतलेली नाही.
का, ते आम्ही विचारत नाही.

शिल्लक:
वहीप्रमाणे एकशे नऊ.
डब्यात एकशे बारा.
तीनदा मोजले, खिडकीजवळ नेऊन मोजले,
बटण बाजूला ठेवून मोजले.
कमी पडले तर पदरचे घालता येतात,
जास्तीचं काय करायचं?
मोर्वेना चहा ठेवताना म्हणते,
माझ्या बहिणींनी टाकले असतील.